एक थेंब तुझा, एक थेंब माझा

त्यांची ओळखच रक्तावरून झाली. ती एका मोठ्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायची आणि तो भूमापन कार्यालयात नकाशे काढायचा. नोकरीत कायम होण्याआधी जी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी लागते, तिच्यासाठी तो आला होता. सुई टोचताना लोक तोंड फिरवतात, तसं त्याने फिरवलं नाही. उलट मान पुढे काढून नळी भरेपर्यंत बघत राहिला आणि म्हणाला, "हे मला सूक्ष्मदर्शकातून बघता येईल का? माझंच तर आहे."

"ही प्रयोगशाळा आहे, बाग नाही," ती म्हणाली. "इथे सहज फिरत फिरत बघायला येत नाहीत."

तो खट्टू झाला, पण गेला नाही. बाहेर बाकावर बसून राहिला. तिची सुट्टी झाली तेव्हा समोर उभा. "बघायला नाही तर नाही. दिसतं कसं, तेवढं तरी सांगा."

तिला हसू आलं. त्याच्याच पावतीच्या मागे तिने पेनाने गोल गोल चकत्या काढल्या आणि त्यांच्या गर्दीत एक मोठी, ठिपक्याठिपक्यांची पेशी. त्याने ते चित्र जवळ धरलं, लांब धरलं आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "प्रमाण काय धरलंय?"

त्या प्रश्नाला आपण भुललो, असं पुढे ती सगळ्यांना सांगायची.

दोघांचीही तेव्हा पस्तिशी उलटून गेली होती. घरच्यांनी आशा सोडली होती, त्यामुळे लग्नात कोणी खोट काढली नाही. त्याला आईवडील नव्हते. थोरल्या बहिणीने वाढवलेलं. ही ताई दूर दक्षिणेकडच्या एका गावात एकटी राहायची आणि मुलींना शिवणकाम शिकवायची. चाळिशीला टेकलेल्या भावाला ती अजून बाळ्या म्हणायची. लग्नानंतर पहिल्यांदा राहायला आली आणि बघते तर काय, स्वयंपाकघरात नवरा-बायको जांभळ्या कोबीचं पाणी वाट्यांमध्ये ओतून बसलेले. एका वाटीत लिंबू पिळलं की पाणी गुलाबी, दुसरीत खायचा सोडा टाकला की निळं-हिरवं. दोघं टाळ्या पिटतायत.

"कोबी शिजवायचाय की खेळायचाय?" ताईने विचारलं.

"आधी खेळू, मग शिजवू," तो म्हणाला.

"देवा! एक वेडा होता तोवर ठीक होतं. आता जोडी जमली."

रविवार म्हणजे प्रयोग, हे त्या घरात ठरूनच गेलं होतं. इतर जोडपी सिनेमाला जायची, हे दोघं जिन्याच्या वरच्या कठड्यावरून दोरीला कुलूप बांधून सोडायचे, लंबकाचे झोके मोजायचे आणि पृथ्वी फिरते तशी झोक्याची दिशा सरकते का ते बघायचे. तळमजल्यावरचे आजोबा त्या कुलपाखालून वाकून जायचे आणि वर बघून म्हणायचे, "झालं का तुमचं, की अजून पृथ्वी फिरायची आहे?" तुरटीचे खडे दोऱ्याला टांगून वाढवायचे, बुटाच्या खोक्याला भोक पाडून त्याचा कॅमेरा करायचा. भांडणंही त्याच विषयावर. त्याने एकदा घाईघाईत तुरटीची बरणी हलवली, खडा तळाला पडला, आणि ती दोन दिवस बोलली नाही. मूल व्हावं म्हणून त्यांनी बरीच वर्षं वाट पाहिली. ते झालं नाही. त्याबद्दल ते फारसं बोलायचे नाहीत. रविवार मात्र कधी चुकवायचे नाहीत.

एका शाळेने जुनं सामान विकायला काढलं तेव्हा त्यांनी सूक्ष्मदर्शक घेतला. पितळी नळी काळवंडलेली, फिरकी ढिली. त्याने तो सगळा उकलला, पुसला, तेल घातलं आणि पुन्हा जुळवला. महिनाभर घरातलं काहीही त्याच्या तडाख्यातून सुटलं नाही: कांद्याचा पापुद्रा, साखर, तिच्या केसाचं टोक, डबक्यातलं पाणी. मग एका रविवारी चहा पिता पिता तो म्हणाला, "तपासनीस, एक गोष्ट राहिलीच की."

तपासनीस हे त्याने तिला ठेवलेलं नाव. ती त्याला नकाशे म्हणायची.

"कोणती?"

"ज्यासाठी मी तुझ्या दाराशी धरणं धरून बसलो होतो ती. रक्त! एक थेंब तुझा, एक थेंब माझा."

तिने मॅडमना, म्हणजे तिच्या विभागप्रमुख डॉक्टरीणबाईंना विचारून पेशींना चढवायच्या रंगाची छोटी बाटली आणि दोन-चार काचा आणल्या. पुढच्या रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं. आधी तिने स्वतःचं बोट टोचलं, थेंब काचेवर घेऊन दुसऱ्या काचेच्या कडेने झर्रकन पसरला. मग त्याचं बोट. त्याने उगाचच "आई गं!" करून घर डोक्यावर घेतलं. बोटातून रक्त नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ येत राहिलं. तिने कापूस दाबून धरला आणि त्याच्याशी बोलता बोलता विसरून गेली. गेले काही दिवस तो जिना चढताना मध्येच थांबायचा, पण त्याचं त्याने वयाच्या नावावर खपवलं होतं.

रंग चढला, काचा धुतल्या, वाळल्या. आधी तिची काच लावली. तो डोळा लावून बसला आणि लहान मुलासारखा सांगत सुटला, "किती गोल आहेत गं! सगळ्या सारख्याच. आणि ही बघ जांभळी, एक... इकडे अजून एक. तू काढली होतीस तशीच आहे!" मग त्याने स्वतःची काच लावली, फिरकी फिरवली आणि ओरडला, "जिंकलो!"

"काय जिंकलास?"

"तुझ्यात शोधून शोधून दोन जांभळ्या. माझ्यात बघ, जत्रा भरलीये नुसती!"

ती हसत हसत खुर्चीवर सरकली आणि तिने डोळा लावला.

रोज शेकडो काचा बघणाऱ्या माणसाला वेळ लागत नाही. मोठ्या मोठ्या पेशी, एकीला एक खेटून. प्रत्येकीत केंद्रक एवढं फुगलेलं की भोवती जागाच उरलेली नाही. प्रयोगशाळेत अशी काच दिसली की ती कागदावर लाल खूण करून धावत मॅडमकडे न्यायची. अर्धवट वाढलेल्या, घाईघाईने जन्मलेल्या पेशी, ज्यांनी हाडातल्या मज्जेतून बाहेर यायलाच नको होतं. तिने काच सरकवली. दुसरीकडेही तेच. अजून सरकवली. तिने डोकं वर केलं नाही. वर केलं तर त्याला तिचा चेहरा दिसला असता.

"बोल की! हरलीस म्हणून गप्प का?"

"रंग खराब आहे," ती डोळा न काढता म्हणाली. "जुनी बाटली. नीट चढलेला नाही."

"तुझ्या काचेवर कसा चढला मग?"

"एकेकदा होतं असं."

तिने काच काढली, जपून बाजूला ठेवली आणि टेबलावरचं वर्तमानपत्र घडी घालून ठेवायला लागली. एक घडी, दुसरी घडी, तिसरी. कागद आणखी दुमडेना तरी ती दाबतच राहिली. त्याने हळूच तिच्या हातातून तो कागद काढून घेतला.

"तपासनीस, तू फार वेळ बघत होतीस."

"अरे, म्हटलं ना, रंग..."

"तू मला खोटं सांगू शकतेस. पण तुझ्या हातांना जमत नाही ते."

मग तिने सांगितलं. रक्ताचा कर्करोग, असं नाव घेऊन सांगितलं, कारण आडून आडून बोललेलं त्याला खपायचं नाही. कदाचित आपलं चुकतही असेल, असंही म्हणाली. तिचं चुकत नाही, हे दोघांना माहीत होतं. त्याने बोटावरचा कापूस काढून बघितला आणि म्हणाला, "म्हणजे जिंकलो नाही तर."

त्यावर ती हसली आणि हसता हसताच तिला हुंदका आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमनी स्वतः त्याची काच बघितली. त्या स्वभावाने कडक होत्या, प्रयोगशाळेत कोणी मोठ्याने शिंकलं तरी त्यांना खपायचं नाही. सूक्ष्मदर्शकावरून मान वर करून त्यांनी खुर्ची मागे ढकलली, उठून तिच्यापाशी आल्या आणि तिचा हात आपल्या हातात घेतला. "आजच दाखल करू," एवढंच म्हणाल्या.

ज्या इस्पितळात ती रोज कामाला यायची, त्याच इस्पितळात तिचा नवरा तिसऱ्या मजल्यावर झोपला. तिने मॅडमना सांगून टाकलं की त्याची काच आपण बघणार नाही. शेजारच्या टेबलावर काम करणारी सोबतीण बघायची. पण नळ्यांच्या ट्रेवर त्याचं नाव दिसलं की हातातलं काम थांबायचं. सोबतीण काच बघत असताना ती तिच्या पाठीकडे टक लावून उभी राहायची. सोबतिणीचे खांदे सैल पडले की हिचा जीव भांड्यात पडायचा.

औषधांनी त्याला पिळून काढलं. केस गेले, तोंडाला फोड आले, पाण्याचा घोटही घशाखाली उतरेना. पहिला रविवार आला तसा तो क्षीण आवाजात म्हणाला, "आज काय करायचं?"

"आज तू पडून राहायचं."

"हा काही प्रयोग नाही."

तिने खालच्या दुकानातून पुठ्ठ्याचं खोकं आणलं, घरातली एक जुनी सीडी फोडून तुकडा आत चिकटवला आणि खोक्याला एक बारीक फट पाडली. त्यातून खोलीतल्या ट्यूबलाइटकडे बघितलं की प्रकाश फुटून वेगवेगळ्या रंगांच्या रेघा दिसायच्या, मध्ये काळोख सोडून. साध्या बल्बकडे धरलं की सलग इंद्रधनुष्य. त्याने ते खोकं शेजारच्या पलंगावरच्या ट्रक ड्रायव्हरला दिलं, ड्रायव्हरने नर्सला, नर्सने डॉक्टरला. तासाभरात अख्खा वॉर्ड दिव्यांकडे खोकं धरून बघत होता. ड्रायव्हर म्हणाला, "एवढी वर्षं या उजेडाखाली जेवलो, झोपलो. आत हे असं आहे, कोणी सांगितलंच नव्हतं." तो उशीवर डोकं टेकून हसला. त्याला त्या दिवशी अर्धी वाटी सूप गेलं.

पहिल्या फेरीनंतर रक्त साफ झालं. मॅडम स्वतः तीन मजले चढून सांगायला आल्या. मग घर, मग पुन्हा औषधं, पुन्हा घर. डोक्यावर केसांची मऊ लव उगवली. तो अर्धा दिवस कार्यालयात जायला लागला. लोक म्हणायचे, तब्येत सुधारली हो. तीही म्हणायची. पण ती त्याच्याकडे नुसती बघायची नाही. चहा देताना नखं बघायची, अंघोळीहून आला की पाठीवर कुठे काळंनिळं आहे का ते बघायची, झोपला की श्वास. एके दिवशी तो चिडला.

"पुरे झालं! तू माझ्याकडे बघणं सोडलंयस. नुसती तपासतेस."

"मग काय करू? डोळे मिटून बसू?"

"बस ना! थोडा वेळ बस. काही असेल तर ते तू बघितलंस म्हणून थांबणार आहे का?"

"एकदा बघितलं नसतं तर तू आज..."

"माहीत आहे," तो म्हणाला. "ते सगळं माहीत आहे मला. पण मला आता तपासनीस नकोय गं. मला बायको हवीये."

ती उठून दुसऱ्या खोलीत गेली. बऱ्याच वेळाने परत आली तेव्हा तो तसाच बसला होता. ती त्याच्या शेजारी बसली, त्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि डोळे मिटले. "उघडायचे कधी?" तिने विचारलं. "मी सांगेन," तो म्हणाला.

त्याच्या मनात एक प्रयोग फार वर्षांपासून होता. पृथ्वी मोजायची. भर दुपारी काठीची सावली सगळ्यांत आखूड होते तेव्हा ती इकडे मोजायची, दूर दक्षिणेकडे कोणीतरी तीच तिकडे मोजायची. दोन्हींतला फरक आणि मधलं अंतर कळलं की पृथ्वीचा घेर काढता येतो. नकाशे काढण्यात जन्म गेला आणि जिचे काढले ती किती मोठी हे स्वतः कधी पाहिलं नाही, याची त्याला खंत होती. दक्षिणेकडे कोणीतरी म्हणजे ताईच. ती कायम उडवून लावायची. या वेळी मात्र काही न बोलता तयार झाली.

त्या रविवारी तो गच्चीवर खुर्ची टाकून बसला, टोपी घालून. पत्नीने काठी रोवली आणि ओळंबा धरून ती सरळ असल्याची खात्री केली. फोन स्पीकरवर.

"ताई, काठी सरळ आहे ना?"

"तुझ्यापेक्षा सरळ आहे."

"सावली कुठे पडलीये?"

"जमिनीवर पडलीये, आणखी कुठे पडणार?"

"अगं, किती लांब ते मोज!"

"मोजते रे. शिवणाची टेप आणलीये. थांब, मांजर आलं. हाड्! बसलं की मेलं सावलीतच!"

तो इतका हसला की त्याला ठसका लागला. मग कागद-पेन घेऊन हिशोब मांडला, खाडाखोड केली, पुन्हा मांडला. पृथ्वी खऱ्या पृथ्वीपेक्षा बरीच मोठी निघाली.

"ताई, तुझी काठी कलली होती. पृथ्वी फुगली तुझ्यामुळे."

"मोठी आहे ते बरंच आहे," ताई म्हणाली. "सगळ्यांना जागा होईल." मग तिचा आवाज बदलला. "बाळ्या, उन्हात फार बसू नकोस."

पत्नी त्याच्याकडे बघत होती. टोपीच्या सावलीत त्याचा चेहरा आनंदाने उजळला होता. त्या वेळी तिने त्याची नखं बघितली नाहीत.

पुढच्या महिन्यात रोग उलटला. ताप आला म्हणून त्याला पुन्हा दाखल केलं होतं. सोबतीण काच बघत होती आणि तिचे खांदे सैल झाले नाहीत. बायको तिथूनच मागे वळली आणि काहीही न विचारता जिना चढून तिसऱ्या मजल्यावर गेली. तो खिडकीशी उभा होता. त्याने तिच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "बस आता. पळत आलीस." त्याला सांगावं लागलं नाही.

पुन्हा औषधं झाली, पण या वेळी शरीराने साथ दिली नाही. ताई आली ती राहायलाच. दोघी आळीपाळीने त्याच्यापाशी बसायच्या. शेवटच्या दिवसांत त्याला ताप असायचा, मध्येच बडबडायचा, कुठल्या कुठल्या गावांच्या हद्दी सांगायचा. एका दुपारी मात्र शुद्ध लख्ख होती. ताई डोळा लागून खुर्चीत पेंगत होती. तो बायकोला म्हणाला, "एक विचारू? त्या दिवशी आपण तो थेंब बघितलाच नसता, तर आणखी थोडे दिवस आपल्याला काही कळलं नसतं."

"हो."

"ते दिवस बरे गेले असते का?"

तिने खोटं बोलायचं नाही असं ठरवलं होतं. "बरे गेले असते," ती म्हणाली. "पण थोडेच असते. हे वर्ष मिळालं नसतं."

त्याने मान हलवली. "मग बरं झालं बघितलं," म्हणाला आणि तिचा हात आपल्या छातीवर ओढून घेतला. दोन दिवसांनी, सकाळी, नर्स चादर बदलायला येण्याच्या सुमारास तो गेला. दोघी त्याच्या दोन बाजूंना होत्या.

ताई महिनाभर राहिली. घर आवरलं, कपाटं लावली, भावाचे कपडे कोणाकोणाला देऊन टाकले. तिच्या समोर भावजय एकदाही रडली नाही. ताईच रडायची, भांडी घासताना, नळ मोठा सोडून. निघताना म्हणाली, "माझ्याकडे चल."

"नोकरी आहे ताई."

"नोकरी काय, रडायलाही सुट्टी देत नाही?"

"रडायला येतच नाहीये," ती म्हणाली. ताईने तिच्या गालावरून हात फिरवला आणि बसमध्ये चढली.

रविवार सगळ्यांत वाईट. बाकीचे दिवस कामात निघून जायचे, रविवार मात्र सकाळपासून अंगावर यायचा. तिने मॅडमकडे रविवारची पाळी मागून घेतली. मॅडम आधी नाही म्हणाल्या, मग तिच्याकडे बघून हो म्हणाल्या.

रविवारी प्रयोगशाळा ओस असायची. तातडीचे नमुने तेवढे यायचे. अशाच एका रविवारी खिडकीशी एक तरुण बाई आली. नवऱ्याला आठ दिवस ताप, अंगावर पुरळ, डॉक्टरांनी रक्त पाठवलंय. ओढणीचं टोक बोटांना गुंडाळून सोडवत, पुन्हा गुंडाळत ती विचारत होती, "झालं का हो? काही वाईट नाही ना?"

"रिपोर्ट डॉक्टर सांगतील. तुम्ही बसा."

"तुम्हाला दिसतं ना पण? तुम्ही बघता ना?"

"बसा," ती म्हणाली आणि आत गेली.

काच तयार होती. तिने ती लावली, पण डोळा लगेच लावला नाही. मग लावला. शांतपणे, या टोकापासून त्या टोकापर्यंत, ओळीने सगळी काच बघितली. एकदा बघून झाल्यावर पुन्हा बघितली. साधा विषाणूचा ताप. पेशी थोड्या चिडलेल्या, पण धड. वाईट काहीही नव्हतं.

रिपोर्ट वर गेला. थोड्या वेळाने ती तरुण बाई जिना उतरून धावतच आली, खिडकीतून हात आत घालून तिचे दोन्ही हात धरले. "साधा ताप आहे! डॉक्टर म्हणाले, साधा ताप! तुम्हीच बघितलंत ना? तुमचे फार फार उपकार!"

"मी काहीच केलं नाही," ती म्हणाली. "घरी न्या त्यांना."

ती बाई गेली. पायऱ्यांवर तिच्या चपलांचा आवाज बराच वेळ ऐकू येत होता, भराभर, दोन-दोन पायऱ्या एकदम चढल्यासारखा. तो थांबला आणि आत बसलेल्या हिच्या घशातून एक आवाज निघाला, स्वतःलाच अनोळखी. तिने टेबलाला धरलं. मग डोकं हातांवर टेकवून ती रडली, मोठ्याने, जराही न आवरता. तिथे ऐकायला कोणी नव्हतं. परक्या माणसाचं रक्त चांगलं निघालं म्हणून आनंद झाला होता, तो खराच होता. आणि आपल्या माणसाचं तसं निघालं नाही, हे जणू आत्ताच, पहिल्यांदा कळलं होतं.

पुष्कळ वेळाने तिने तोंड धुतलं आणि ताईला फोन लावला.

"ताई, मी येऊ?"

पलीकडून ताईचा घोगरा आवाज आला, "विचारतेस काय? बसमध्ये बस. मी थांब्यावर उभी राहते."